रोमची रांग कामून मोडते

लातूरहून एका पोराने विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. त्याच्या मामाने पुण्याहून येताना 'कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स' हा गेम आणला, दोघं मामा-भाचे दर रविवारी खेळायलेत, मामा कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं, रोमचं जुनं वैरी राज्य) घेतो आणि हा रोम, आणि सलग सात वेळा हा हरलाय. त्याचं म्हणणं असं की मला पत्तेच घाण येतात, मामाचे हत्ती थांबत नाहीत, आणि रोमकडं एवढं जड पायदळ असून ते कामाला येत नाही, तर मग हा खेळ नशिबाचाच आहे का.

नाही. नशीब आहे त्याच्यात, फासे आहेत म्हणल्यावर असणारच, पण सात वेळा सलग हरायला नशीब पुरत नाही. मी जालन्याचा, हा गेम चौदा वर्षं झाली खेळतोय, दोन्ही बाजूंनी, आणि बऱ्याच नव्या पोरांना शिकवलाय, आणि रोम घेऊन हरणारा जवळजवळ प्रत्येकजण एकाच कारणाने हरतो हे मी बघितलंय. रांग तुटते. बाकी सगळं, पत्ते, हत्ती, घोडदळ, हे त्याच्या मागून येतं.

ज्यांनी हा गेम बघितला नाही त्यांना समजावं म्हणून दोन गोष्टी. रिचर्ड बोर्ग नावाच्या माणसाने बनवलेला, जीएमटी गेम्सने २००६ मधी काढला. १३ बाय ९ षटकोनी घरांचा पट, त्याच्यावर लाकडी ब्लॉक, पायदळाच्या युनिटला चार ब्लॉक, घोडदळाला तीन, हत्तीला दोन. आपल्या पाळीला एक पत्ता टाकायचा, पत्ता सांगतो किती आणि कुठल्या युनिटना हुकूम द्यायचा, डावीकडं, मधी की उजवीकडं, मग हलवा, लढा, नवा पत्ता घ्या. समोरच्याचं युनिट पूर्ण संपलं की एक बॅनर. लढाईप्रमाणे ठरलेले बॅनर आधी मिळवेल तो जिंकला. फाशाच्या सहा बाजू: हिरवा गोल म्हणजे हलकं युनिट, निळा त्रिकोण म्हणजे मध्यम, लाल चौकोन म्हणजे जड, मग तलवारी, झेंडा आणि लीडरचं म्हणजे सेनापतीचं शिरस्त्राण. समोर जे युनिट आहे त्याचं चिन्ह आलं की एक ब्लॉक गेला, जवळच्या लढाईत तलवारी आल्या तरी गेला. झेंडा आला की ज्याच्यावर फासे पडले त्या युनिटने मागं हटायचं.

आता हा झेंडाच तुझा वैरी आहे, हत्ती नाही. हिशोब नीट बघ कारण इथंच सगळं आहे. मामाचं जड पायदळ तुझ्यावर पाच फासे टाकतं. पाच फाशांत एकही झेंडा न येण्याची शक्यता ४० टक्के, म्हणजे दहातल्या सहा वेळा तुझं युनिट मागं ढकललं जाणार. पण नियम काय सांगतो, की युनिटला लागून आपली दोन युनिट असतील तर एक झेंडा सोडून देता येतो. मग तुला हलवायला मामाला दोन झेंडे लागतात, आणि पाच फाशांत दोन किंवा जास्त झेंडे यायची शक्यता फक्त २० टक्क्यांच्या आसपास. साठावरून वीस. चार फाशांचं मध्यम पायदळ अंगावर आलं तर ५२ वरून १३. दोन शेजारी उभे आहेत एवढ्यानेच हा फरक पडतो, त्याला ना चांगला पत्ता लागतो ना चांगला फासा.

आणि मागं न हटणं म्हणजे नुसतं जीव वाचवणं नाही हे पोरांच्या लवकर लक्षात येत नाही. तुझं युनिट जागेवर टिकलं तर त्याला लगेच उलटा वार करता येतो, मामाच्याच पाळीत, पत्ता न खर्च करता. जड पायदळाचा उलटा वार म्हणजे पाच फासे फुकट. तेच युनिट हटलं की उलटा वार गेला, वरून त्याच्या जागेत भोक पडलं, आणि त्या भोकाच्या दोन्ही बाजूची जी युनिट होती त्यांचा पण एकेक शेजारी गेला, म्हणजे आता त्यांना पण झेंडा सोडता येईना. एक हटलं की दोन उघडे पडतात, कडब्याच्या गंजीतली खालची पेंढी ओढल्यासारखं.

तू काय करतोस ते मला न बघता सांगता येतंय. उजवीकडच्या तीन युनिटचा पत्ता आला की उजवीकडची तीन जड युनिट पुढं, बाकीची रांग तिथंच मागं. पुढच्या पाळीला मधला पत्ता आला की मधली दोन पुढं. मग तिसऱ्या पाळीला तुझी रांग करवतीच्या दातासारखी झालेली असते आणि मामा, जो तोपर्यंत काहीच न करता बसलेला असतो, तो एकेका दाताला तीन बाजूंनी मारतो. जड पायदळ एका पाळीत एकच घर चालतं, पुढं गेलेल्याला माघारी आणायचं तर अख्खा पत्ता जातो. म्हणून रोमचा पहिला नियम: पुढच्या ओळीतलं युनिट तेव्हाच हलवायचं जेव्हा त्याचे शेजारी पण त्याच पाळीत हलतील. नाहीतर मागच्या ओळीतलं युनिट आणून भोक बुजव, नाहीतर हलकं पायदळ हलव, पण दात पुढं काढू नको.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातच असई आहे, २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एका बाजूला आणि इंग्रज सेनापती वेलस्ली दुसऱ्या बाजूला. ती काही प्राचीन लढाई नाही, तोफांची आहे, पण रांग काय असते हे मला पटावर नाही, तिथं बांधावर उभं राहून कळलं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधी निमुळती होत गेलेली जमीन आहे, वेलस्लीने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं बघितली आणि ओळखलं की इथं उतार असणार, तिथून उतरून तो त्या बेचक्यात शिरला, म्हणजे दोन्ही बाजूंना नद्या आणि मोठ्या फौजेला बगल मिळू नये. त्याला वाटलं मराठ्यांची फौज तोंड फिरवू शकणार नाही. पण पोहलमनच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे कवायती पायदळाने, रांग न मोडता तोंड फिरवलं, नवीन आघाडी धरली, आणि वेलस्लीची पंचाईत झाली. आणि मग इंग्रजांच्या उजवीकडच्या पिकेट म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या ठरलेल्या दिशेपेक्षा जास्त उजवीकडं, थेट असई गावाकडं भरकटल्या, त्यांच्या मागं ७४वी हायलँडर पलटण गेली, मुख्य रांगेत आणि त्यांच्यात मोठं अंतर पडलं. गावातल्या तोफांनी आणि घोडदळाने त्या पलटणीची चाळण केली, अर्ध्याहून जास्त माणसं पडली. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याच्या मेलेल्या-जखमी माणसांचा आकडा दीड हजाराच्या वर गेला, प्रत्यक्ष लढलेल्या फौजेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. मला कोणी विचारलं की शेजारी नसलेल्या युनिटचं काय होतं तर मी त्याला असईला घेऊन जातो. तू लातूरचा, तुला लांब पडेल, पण एकदा ये, पावसाळ्यानंतर ये, नद्यांना पाणी असताना जमीन लगेच समजते.

आता पत्त्यांचं. घाण पत्ते येतात हे मी प्रत्येकाकडून ऐकतो आणि दरवेळी त्याचा पट बघितला की कळतं की पत्ता वाईट नाही, त्या बाजूला करायला काम शिल्लक नाही. तू डावीकडची सगळी हलकी युनिट पहिल्या तीन पाळ्यांत पुढं नेऊन मारून घेतलीस, मग डावीकडचा पत्ता आला तर तो घाणच वाटणार. डावीकडं, मधी, उजवीकडं, तिन्हीकडं काहीतरी उपयोगाचं करायला उरलं पाहिजे अशी फौज सांभाळ. बगलेवर एखादं हलकं पायदळ, एखादं हलकं घोडदळ जिवंत ठेव, मग बगलेचा छोटा पत्ता आला की दोन भाले फेकून वेळ काढता येतो आणि मधला मोठा पत्ता हातात राहतो.

मोठा पत्ता म्हणजे रोमसाठी लाइन कमांड. हा पत्ता एकमेकाला लागून असलेल्या पायदळाच्या अख्ख्या रांगेला एका वेळी हुकूम देतो, एक घर पुढं आणि लढा. लागून असलेल्या, हा शब्द धर. करवतीच्या दातांना हा पत्ता उपयोगाचा नाही, तुटलेल्या रांगेत तो तीन युनिटपुरता राहतो आणि जोडलेल्या रांगेत आठ-नऊ. तोच पत्ता, तोच खेळणारा, फरक फक्त आधीच्या चार पाळ्यांत तू कसा उभा राहिलास याचा. म्हणून लाइन कमांड हातात आला की लगेच टाकायचा नाही, आधी छोट्या पत्त्यांनी भोकं बुजवायची, रांग मामाच्या रांगेपासून दोन घरांवर आली की मग टाकायचा, म्हणजे पुढच्या पाळीला मामाला तुझ्या अंगावर यावं लागतं किंवा मागं सरावं लागतं. त्यानंतर हातात क्लॅश ऑफ शील्ड्स असेल, म्हणजे भिडलेल्या युनिटला एकेक फासा जास्त, तर त्या दोन पत्त्यांच्या जोडीवर अख्खी लढाई फिरलेली मी बऱ्याचदा बघितलीय. पण धरून पण किती धरायचं याला मर्यादा आहे, काहीजण लाइन कमांड शेवटपर्यंत छातीशी धरून बसतात आणि तोपर्यंत रांगेतली अर्धी युनिट एकेका ब्लॉकवर आलेली असतात.

त्या एका ब्लॉकवरून आठवलं, हे तुझ्या मामाला माहीत असणार आणि तुला नसणार असं मला वाटतंय. या गेममधी ब्लॉक कमी झाले म्हणून फासे कमी होत नाहीत. जड पायदळाचे तीन ब्लॉक गेले, एकच उरला, तरी ते पाचच फासे टाकतं. (वॉरियर्स नावाचं पायदळ तेवढं वेगळं, ते पूर्ण ताकदीने असतील तरच चार फासे, एक ब्लॉक गेला की तीन.) याचा अर्थ दोन्हीकडून लाव. एक, मामाचं अर्धमेलं युनिट म्हणजे दुबळं युनिट नव्हे, त्याला संपवल्याशिवाय सोडू नको. दोन, तुझं एक ब्लॉकवर आलेलं युनिट म्हणजे मामाच्या दारात बांधलेला बॅनर आहे, त्याला पुढच्या ओळीतून काढ, मागं ने, त्याच्या जागी ताजं युनिट आण. याच्यावर पत्ता खर्च करायला पोरांच्या जिवावर येतं, मागं जाण्यासाठी पत्ता टाकायचा म्हणजे काय. पण रोमन लोक हेच करायचे, पुढं हस्ताती, त्यांच्या मागं प्रिन्किपेस, सगळ्यात मागं त्रिआरी, तीन ओळी एवढ्यासाठीच. मागची ओळ मोकळी बसलीय असं तुला वाटतं, ती मोकळी नाही, ती पुढच्यांची बदली आहे.

हत्तींचं सांगतो, हे मला सगळ्यात आवडतं. हत्तीला स्वतःचे ठरलेले फासे नाहीत, तो ज्याच्यावर चालून जातो त्या युनिटला जेवढे फासे असतात तेवढे हत्ती टाकतो, आणि तलवारी आल्या की तो मार तर लागतोच, वरून ते फासे परत टाकतो. म्हणजे मामाचा हत्ती तुझ्या जड पायदळावर आला तर पाच फासे, आणि तुझ्या हलक्या पायदळावर आला तर दोनच. तुझी ताकद हीच हत्तीची ताकद होते. मग तू हत्तीसमोर जड पायदळाची भिंत उभी करतोस ती कशासाठी? हत्तीसमोर हलके भालाफेके ठेव. ते दोन घरांवरून भाले फेकतात, जागेवर उभं राहून दोन फासे, हलले तर एक. फेकून मारताना तलवारी चालत नाहीत पण झेंडा चालतो. दोन हलकी युनिट न हलता फेकायला लागली तर चार फासे, त्यात किमान एक झेंडा यायची शक्यता ५२ टक्के. आणि झेंडा लागून हत्ती मागं फिरला की तो बिथरतो, त्याच्या आजूबाजूला जे जे युनिट असेल, मामाचं असो तुझं असो, सगळ्यांवर फासे पडतात. म्हणून तुझं जड पायदळ हत्तीपासून एक घर लांब पाहिजे आणि मामाचं पायदळ हत्तीला चिकटून पाहिजे. मामा शहाणा असेल तर हत्ती एकटे पुढं आणेल, मग ते बिथरले तरी त्याचं काही जात नाही, पण तेव्हा ते शेजाऱ्याशिवाय एकटे असतात आणि दोनच ब्लॉकचे.

झामाच्या लढाईत, ख्रिस्तपूर्व २०२ मधी, कार्थेजच्या सेनापतीकडं, हॅनिबलकडं, ८० हत्ती होते. रोमच्या स्किपिओने भिंत केली नाही, तुकड्यांमधी सरळ गल्ल्या सोडल्या आणि त्या गल्ल्यांमधी वेलाइट्स म्हणजे हलके भालाफेके उभे केले. शिंगं-तुताऱ्यांच्या आवाजाने काही हत्ती उलटून हॅनिबलच्याच डाव्या बाजूच्या नुमिडियन घोडदळात घुसले आणि तो गोंधळ झाला तसा समोरून रोमच्या बाजूच्या मासिनिसाने हल्ला चढवला. बाकीचे गल्ल्यांतून पळत गेले आणि तिथं भाले खात राहिले. त्याच्या आधी सव्वाशे वर्षं, ख्रिस्तपूर्व ३२६ ला झेलमच्या काठावर पोरसाचं हेच झालं, हत्ती चारी बाजूंनी कोंडले गेले, माहूत पडले, आणि जखमी हत्तींनी आपल्याच पायदळाला तुडवलं. लोक म्हणतात पोरस हत्तींमुळं हरला, मला ते पटत नाही, तो हरला कारण सिकंदराचं घोडदळ त्याच्या बगलेला आणि मागं गेलं आणि त्याच्या पायदळाला हत्तींपासून लांब व्हायला जागाच उरली नाही. जागा ठेव, मागं एक घर मोकळं ठेव. मागं हटायला घर नसेल तर न हटलेल्या प्रत्येक घराला एक ब्लॉक जातो हा नियम तू विसरलेला असशील, तोच चेंगरल्याचा नियम आहे.

घोडदळाबद्दल रोमवाल्याने जास्त विचार करू नये असं माझं मत आहे, तुझं घोडदळ कार्थेजच्या घोडदळापेक्षा कमी आहे हे कबूल करून टाक. कॅनीच्या लढाईत, ख्रिस्तपूर्व २१६, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो रोमचं पायदळ ८०,०००, घोडदळ ६,०००, आणि हॅनिबलचं पायदळ ४०,०००, घोडदळ १०,०००. दुप्पट पायदळ असून रोम संपला कारण सुरुवातीलाच रोमन घोडदळ भिडलं आणि मोडलं, मग हॅनिबलच्या बाजूच्या हासद्रुबालचं जड घोडदळ मागून फिरून दुसऱ्या बगलेला आलं आणि शेवटी पायदळाच्या पाठीवर. मधी हॅनिबलचे गॉल आणि स्पॅनिश माघार घेत गेले, रोमन पुढं पुढं रेटत गेले, दोन्ही बाजूंचं त्याचं लिबियन पायदळ आत वळलं आणि एवढ्या माणसांना हात हलवायला जागा राहिली नाही. तेव्हा तू तुझं घोडदळ रांगेच्या टोकाच्या थोडं मागं ठेव, पुढं पळवू नको. त्याने लढायचं नाही, नुसतं तिथं असायचं, म्हणजे मामाला बगलेवर यायचं तर तुझ्या पायदळाच्या टोकाजवळून यावं लागतं.

लीडर रांगेच्या मधल्या युनिटबरोबर ठेव, एवढंच. तो युनिटमधी असेल किंवा शेजारच्या घरात असेल तर शिरस्त्राणाचं चिन्ह पण मार म्हणून धरतात, म्हणजे पाच फाशांत सरासरी १.६७ मार पडायचे ते २.५ होतात. जोडलेल्या रांगेत एका लीडरचा फायदा तीन युनिटना होतो, तुटलेल्या रांगेत एकाला. एक ब्लॉकवर आलेल्या युनिटबरोबर मात्र त्याला ठेवू नको. युनिट टिकून नुसता ब्लॉक गेला तर लीडर मरायची शक्यता ३६ मधी १, युनिटच संपलं तर ६ मधी १, आणि लीडर मेला की मामाला अजून एक बॅनर.

एक गोष्ट आमच्याकडं कामाला आली ती सांगतो, मी फाशांचा आणि पत्त्यांचा तक्ता मराठीत पुठ्ठ्यावर लिहून पटाच्या कडेला ठेवला, त्यानंतर नव्या पोरांचं लक्ष इंग्रजी पत्ता वाचण्यातून सुटलं आणि पटाकडं गेलं. तू पण कर. वाचण्यात अर्धा जीव गेला की रांग दिसत नाही.

या रविवारी मामाला म्हण की दोन डाव खेळू, एकच लढाई, बाजू बदलून, आणि दोन्ही डावांच्या बॅनरची बेरीज करून बघू. नशीब किती आणि खेळ किती ते तिथंच दिसेल. आणि रोमच्या डावात एकच बंधन स्वतःला घाल: पाळी संपताना हलकी युनिट आणि घोडदळ सोडून माझ्या कुठल्याही युनिटला दोनपेक्षा कमी शेजारी राहणार नाहीत, पार टोकाचं युनिट सोडून. टोकाला पटाची कड, नदी किंवा डोंगर मिळाला तर उत्तमच. पहिल्या पाच-सहा पाळ्या तुला वाटेल की आपण काहीच करत नाही, मामा पण म्हणेल की भाच्या, येतोस का नाही. येऊ नको. भालाफेके हत्तींपासून दोन घरांवर उभे ठेव, मागची भोकं बुजव, आणि मामालाच तुझ्या अंगावर येऊ दे. कितव्या पाळीला त्याचा पहिला हत्ती फिरला आणि फिरताना त्याच्या शेजारी कोण होतं तेवढं लिहून पाठव, मग पुढचं बोलू.